चाकांवरची गुराब

मी गुराब बोलतेय. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्या, पुढे काढलेलं लांब नाक आणि त्या नाकावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. माझा जन्म मात्र कोकणात झाला नाही. मी सौंसरची आहे, जिथून समुद्र गाठायचा तर रेल्वेत अंग आंबून जातं. माझं शरीर संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचं आहे आणि अजूनही ऊन लागलं की मला संत्र्याच्या सालीचा वास येतो. दुसऱ्या कुठल्या युद्धनौकेचं असं भाग्य असेल तर तिने पुढे यावं.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते, म्हणजे मागून हसायला नको. मला चार चाकं आहेत.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. बोरगावचा अरविंद नौदलात खलाशी होता, विशाखापट्टणमला. त्या वर्षी तो राखीला रजेवर घरी आला. घरी बायको अनुराधा, संत्र्याचा बगीचा आणि आई अंबाबाई. वडील गेल्यापासून बगीचा अंबाबाईनेच सांभाळला होता. मुलगा मोठा होऊन तो बघेल असं तिच्या मनात होतं, आणि मुलगा जहाजावर गेला. त्या दिवसापासून अंबाबाई त्याच्याशी बोलत नव्हती.

उपाशी ठेवत होती असं नाही. त्याच्या आवडीची वांग्याची भाजी व्हायची, तव्यावरची पहिली भाकर त्याच्याच ताटात पडायची. पण बोलणं सगळं सुनेच्या मार्फत. "अनुराधा, त्याले इचार, आणखी भाकर घेते का." आणि तो हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. तोही म्हणायचा, "मायले सांग, पोट भरलं."

गावाला हा हट्टीपणा वाटे. पण एकाहत्तरच्या लढाईत आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी अंबाबाईने बगीच्यात रेडिओवर ऐकली होती. तेव्हापासून जहाज हा शब्द आला की ती रेडिओ बंद करायची. तिचा राग म्हणजे भीतीच होती. घरात ते सगळ्यांना कळत होतं, फक्त म्हणत कोणी नव्हतं.

अरविंदने ठरवलं, या रजेत आईला आपल्याशी बोलतं करायचंच. तो सौंसरच्या गणेश मंडळाच्या रामाजींकडे गेला. रामाजींचं कापडाचं दुकान, आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. दर वर्षी त्यांच्या झांकीत, म्हणजे गणपतीपुढच्या देखाव्यात, कापसाचा बर्फ लावलेला कैलास पर्वत असायचा, आणि दर वर्षी पहिलं बक्षीस दुसऱ्याच मंडळाला जायचं. अरविंद म्हणाला, या वर्षी जुन्या काळापासून आजपर्यंतची देशोदेशीची लढाऊ जहाजं दाखवू. खऱ्या पाण्यात.

रामाजींनी चष्मा वर केला. "अरविंदभाऊ, अख्ख्या सौंसरात पोहता येणारे पाच माणसं नाही, अन् तुम्ही समुद्र आणून राहिले."

"काकाजी, माह्या मायनं एक डाव पाहावं, येवढंच."

कैलासाचा कापूस त्या वर्षी पोत्यातच राहिला.

कॉलेजच्या पोरापोरींनी बाकीची जहाजं केली. एक यूनानी, म्हणजे ग्रीक होतं, झाडूच्या काड्यांच्या वल्ह्यांचं, समोरच्याला धडक द्यायला पितळी चोच असलेलं. एक कोरियाचं, डालड्याच्या डब्याचं कवच पाठीवर घेतलेलं कासव. एक इंग्रज, तीन मजली, दोन्ही कुशींना तोफांची भोकंच भोकं, आणि तोरा असा की जणू सौंसरही त्यानेच जिंकलंय. शेवटचं आजच्या काळातलं, पाटासारखं सपाट, वर थर्मोकोलची विमानं. मी तेवढी लाकडाची करायची होती. ते काम लोधीखेड्याच्या भिवाजी सुताराकडे गेलं.

इथेच माझं नशीब लिहिलं गेलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैलांना चाकं लावलेली, नाकात दोरी ओवलेली, आणि पोरं ती दोरी ओढत घरोघर फिरतात. असले बैल करावेत तर भिवाजीनेच. पोळा तोंडावर आला की त्याच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. या बैलांच्या गर्दीतच त्याने मला घडवायला घेतलं. फळ्या जोडून छान पोट केलं, डोलकाठ्या उभ्या केल्या, नाक लांब काढलं. आणि मग त्याच हातासरशी पोटातून आडवे कणे घातले, त्यांवर चार चाकं बसवली, नाकाला भोक पाडून दोरी ओवली. शिंगं घेऊन माझ्या डोक्याकडे वळला तेव्हा कुठे तो थबकला.

अरविंद न्यायला आला आणि बघतच राहिला. "भिवाजीबुवा, जहाजाले चाकं कोण लावते?"

भिवाजीने मला उलटं-सुलटं करून पाहिलं. "अरे बाप्पा. हात आपल्याच मनानं चालून गेला." कणे काढले असते तर पोटाला भोकं पडून मी पहिल्या दिवशीच बुडाले असते. "राहू दे ना," तो म्हणाला. "पाण्याखाली कोण पाहून राहिलं?"

पाण्यात दिसू नयेत म्हणून चाकांना निळा रंग लागला. बाकीच्या जहाजांना ही गंमत कळायला वेळ लागला नाही. इंग्रजाने मला बैलगाडी म्हटलं. आमच्या घराण्याचं आणि त्याच्या घराण्याचं जुनं वैर आहे, ते शब्दांनी मिटणारं नाही.

बाप्पा बसले. त्यांच्यापुढे विटांचा कठडा रचून, आत ताडपत्री अंथरून, नीळ घातलेलं पाणी भरलं होतं. मी पाण्यात उतरले आणि खरं सांगते, तरंगले. ताठ, डौलात, नाक वर करून.

झांकी उघडायची होती शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी अरविंदची गाडी होती, म्हणजे हाच एक दिवस उरला होता. अंबाबाई त्या दिवशी अनुराधाला घेऊन जामसावळीच्या मारुतीला गेली होती. परतताना सुनेने कसंबसं तिला मंडपात वळवलं. तिने बाप्पाला हात जोडले, आमच्याकडे पाठ केली आणि पदराने घाम पुसत उभी राहिली. अरविंद एकेका जहाजाची माहिती मोठ्याने सांगत होता. ऐकणारे पुष्कळ होते, पण तो सांगत होता ते त्या पाठीला.

मग रामाजी नारळ घेऊन आले. शुभकार्य आहे, नारळ फोडल्याशिवाय कसं चालेल? आणि समुद्राचं उद्घाटन म्हटल्यावर नारळ समुद्राच्याच काठावर फोडायचा, यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. रामाजींनी हात उंच नेला आणि दणकन कठड्यावर आपटला. नारळ फुटला. कठडाही फुटला. वीट सरकली, ताडपत्री घसरली, आणि आमचा अख्खा समुद्र भसाभसा बाजाराच्या रस्त्याला लागला. पुढे उभ्या लोकांच्या चपला निळ्या झाल्या.

जहाजाला पाण्याचाच आधार. तो गेला आणि यूनानी चोचीवर पडलं. कासव पाठीवर उलटलं. सपाट जहाजावरची विमानं चिखलात सांडली. इंग्रज जरा वेळ डुलला, मग सावकाश कुशीवर आडवा झाला. रामाजी अर्धा नारळ हातात धरून उभे होते, आणि अरविंद त्या ओल्या ताडपत्रीवर मान खाली घालून.

आवाजाने अंबाबाई वळली होती. "पाहिलं," ती म्हणाली. "पाणी आलं तरी बुडते, पाणी गेलं तरी बुडते. अनुराधा, त्याले सांग, मी हेच म्हणत होती."

अरविंदने ते ऐकलंच होतं. सांगायची गरजही नव्हती. अंबाबाई जायला निघाली, आणि जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली.

मी उभी होते. चार चाकांवर, सरळ. डोलकाठीवरचा भगवा ओलासुद्धा झाला नव्हता.

"अन् हे काऊन नाही पडलं?"

भिवाजी गर्दीत मागे उभा होता. "माय, त्याले म्या पाय देल्ले," तो चाचरत म्हणाला. "चुकून."

अंबाबाईने लुगडं वर खोचलं, ओल्या ताडपत्रीवर उतरली आणि माझ्यापाशी बसली. एक चाक बोटाने फिरवून पाहिलं. माझ्या नाकातली दोरी हातात घेतली. ती दोरी तिच्या ओळखीची होती. अरविंद लहान असताना त्याच्या तान्ह्या पोळ्याच्या बैलाला भिवाजीने अशीच गाठ मारून दिली होती. तिने कमरेच्या पुडीतून जामसावळीचा शेंदूर काढला आणि माझ्या कपाळाला लावला. मी बाईची जात, पण त्या संध्याकाळी मला बैलाचा मान मिळाला, आणि मी तो आनंदाने घेतला.

मग ती उठली आणि दोरी ओढली.

मी निघाले. आडव्या पडलेल्या आरमारातून, इंग्रजाच्या नाकासमोरून, फुटलेल्या कठड्यातून बाहेर रस्त्यावर. माझ्या दोन तोफांत लवंगी फटाके भरलेले होते. अरविंदने धावत येऊन बाप्पापुढच्या उदबत्तीने वाती पेटवल्या. लवंगीचा आवाज तो केवढा, पण बाजारचौकात असा घुमला की टपरीवरची माणसं चहा सोडून आली. ढोलवाल्यांनी ढोल धरला. रामाजी हातातल्या अर्ध्या नारळासकट ओरडले, "गणपती बाप्पा", आणि सगळा चौक मोरया म्हणाला. अंबाबाई मला ओढत चौकाचा पुरता फेरा मारून आली, आणि आल्यावर अरविंदसमोर थांबली.

"तुह्या जहाजाले हायेत का रे चाकं?"

सुनेला नाही, त्याला विचारलं. अनुराधाने पदर तोंडाला लावला.

अरविंदने मान हलवली. "नाही वो माय."

"मंग भिवाजीले संग घेऊन जाय. लावून घे."

चौक हसला, तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मले भेव वाटते रे," ती म्हणाली. "पाण्याचं लय भेव वाटते."

"मले बी वाटते, माय. पण आमी लय जण असतो तिथं. एकमेकाले धरून असतो."

त्या वर्षी पहिलं बक्षीस आमच्या मंडळाला मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, चालती झांकी सौंसरात प्रथमच पाहिली. रामाजी अजूनही सांगतात की नारळ त्यांनी मुद्दाम तिथे फोडला होता.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, खलाशांच्या घरच्यांना जहाज दाखवायचे दिवस होते. अंबाबाई मला जुन्या लुगड्यात गुंडाळून विशाखापट्टणमला घेऊन गेली. धक्क्यावर उभी राहून तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला, बराच वेळ पाहिला. मग वाकून त्या प्रचंड लोखंडी जहाजाखाली नजर टाकली आणि मान हलवली. चाकं नव्हती. वर गेल्यावर तिने मला लोखंडी डेकवर ठेवलं आणि दोरी ओढली. माझी चाकं खडखडली. समोरून एक मोठे साहेब येत होते. अरविंद ताठ झाला.

"माताजी, ये क्या है?"

"मराठों का जहाज है, साहब," अंबाबाई म्हणाली. "ये नहीं डूबता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचा शेंदूर पाहिला. मग ते बाजूला झाले, टाचा जुळवल्या आणि मला सलाम ठोकला. संत्र्याच्या पेटीला. इंग्रज तिथे असायला हवा होता. त्या सबंध जहाजावर माझ्याएवढी ताठ त्या दिवशी कोणाचीच मान नव्हती.

आता मी बोरगावला असते, देवघराशेजारच्या फळीवर, अरविंदच्या लहानपणच्या लाकडी बैलाजवळ. माझ्या मागच्या एका चाकात समुद्राचं मीठ अजून आहे. तान्ह्या पोळ्याला बैलांच्या रांगेत मीही निघते. आणि अरविंदची रजा संपली की अंबाबाई दोरी धरून त्याच्या मागोमाग मला फाटकापर्यंत आणते. पोळा सुटला की बैल घराकडे वळवतात, तसं ती माझं नाक घराकडे वळवते आणि त्याला म्हणते, "पाहून घे. असाच वापस ये." तो मोटारीत बसेपर्यंत ती दोरी सोडत नाही.

तेव्हा कधी आमच्या बाजूला आलात, आणि बैलांच्या मधून एक जहाज रस्त्याने येताना दिसलं, तर हसा खुशाल. पण जरा वाट द्या. आरमार चाललंय.