शिवलेली बाही

ताई गेली ती भावावर रुसूनच. "श्रीमंताघरी दत्तक गेला नि आपल्याला विसरला मेला," हे तिचं जन्मभराचं पालुपद. धाकटीने मान डोलावून डोलावून तो राग आपलाही करून घेतला होता.

तिघं वाढली तो अनाथाश्रम यंदा विकला गेला. जुने पडदे उतरवायचं काम धाकटीच्या शिवणाच्या दुकानाकडे आलं. वरच्या मजल्यावर पोरं रडताना ऐकू येतात, असं तिला चौघांनी बजावलं.

"रडू देत. आम्ही होतो तेव्हाही रडायचोच. तेव्हा नाही कुणाला ऐकू आलं."

वरचा शेवटचा पडदा खाली आला, तर मागे खिडकी नव्हतीच, दार होतं. गंजकं कुलूप हातोडीच्या एका फटक्यात निघालं. आत ओल धरलेल्या भिंती, लहान लहान लोखंडी खाटा आणि एकीच्या उशाशी निळा स्वेटर. भावाचा.

तिने तो उचलला नि डाव्या बाहीवर हात थबकला. बाहीचं तोंड शिवलेलं होतं. वेडेवाकडे, घट्ट टाके, ताईचे. भाऊ झोपेत अंगठा चोखायचा, म्हणून ताई रोज रात्री त्याची बाही शिवायची आणि सकाळी उसवायची. ही उसवलेलीच नव्हती.

धाकटी खाटेच्या कडेवर बसली. मग डोळे पुसून तडक फाटकाजवळच्या खोलीत गेली. आश्रमातल्या सगळ्या पोरांची मावशी अजून तिथेच राहत होती.

"मावशी, याला पहाटे गाडीतून नेलं म्हणालात ना? मग स्वेटर वरच्या कुलूपबंद खोलीत कसा, बाही शिवलेलीच?"

म्हातारीने स्वेटर पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"चष्मा काढू नका. मला दिसलंय ते तुम्हीही बघा."

"रात्री ताप चढला गं त्याला. मोठ्या बाई म्हणाल्या, डॉक्टर आला की चौकशी होईल. वरच्या खोलीत नेऊन ठेवलं, सकाळ व्हायच्या आत तिथेच गेला तो. आधीही दोघं-तिघं तशीच गेली होती. जे पोर गेलं त्याला श्रीमंत घर मिळालं, असं सांगायचं ठरलेलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी जरा गोड करून सांगितलं."

"फार गोड झालं, मावशी. ताईला शेवटपर्यंत पचलं नाही." तिने कोपऱ्यातली काठी म्हातारीच्या हातात दिली. "कुठे आहे तो?"

"मागच्या भिंतीशी. सगळी तिथेच आहेत."

"चला, दाखवा. पोलिसांना मी बोलावते. त्यांच्यासमोर हेच सांगायचं, गोड न करता."

मागच्या भिंतीशी गवत माजलं होतं. धाकटी त्यात ऐसपैस बसली, कमरेची छोटी कात्री काढली आणि एकेक टाका उसवला, ताईसारखाच, लोकरीला धक्का न लावता.

"ऊठ रे सोन्या, सकाळ झाली," ती म्हणाली. "ताई तिकडेच आलीय. भयंकर चिडलेली असेल. आता तिची समजूत तूच काढ."