आरशावरची वाफ

बाबांच्या दोन्ही बुटांत ब्राँझ शिरलं होतं. बूट कापून काढावे लागले, आणि बुटांबरोबर जे निघालं ते दवाखान्यातल्या माणसाने मला पाहू दिलं नाही.

साचा फुटला तेव्हा वितळलेल्या धातूची मूस साखळीला टांगलेली होती आणि ती कलती करायची दांडी बाबांच्या हातात होती. खाली खड्ड्यात, साच्याजवळ, काका धातूवरची मळी बाजूला सारत होते. साच्यात ओल राहिली की तिची वाफ होते, आणि कोंडलेली वाफ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. धातू उलटा उसळला. काका खड्ड्यातच कोसळले. बाबांनी दांडी सोडली असती तर उरलेली मूस काकांवर उपडी झाली असती. काकांना वर ओढेपर्यंत बाबा पेटलेल्या कपड्यांत उभे राहिले. नंतर त्यांची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवावी लागली.

तरी ओतशाळेत बाबांबद्दल कुजबुज चालूच राहिली. साचा तपासायचं काम त्याचंच होतं. हयगय केली, भोगली.

बाबा गेल्यावर वर्षभराने कामगारांनी त्यांचा पुतळा करायचं ठरवलं. कुजबुजणाऱ्यांनीही होकाराला हात वर केले. मेणाचा नमुना मी केला, कारण तिथलं मेणकाम माझ्याकडेच. चेहरा सोपा गेला. दांडीवरच्या बोटांनी आठ दिवस खाल्ले. साचा काकांनी बांधला आणि भाजला.

ओतायच्या सकाळी मी बाबांचा हातआरसा घेऊन खड्ड्यात उतरले. साच्याच्या भोकावर थंड आरसा धरायचा. धुकट झाला तर आत ओल आहे. ही बाबांची रीत.

"साच्यापुढे नट्टापट्टा करतेस की काय?" वरून भट्टीवाला ओरडला. त्याला सगळे बोंबल्या म्हणत. "धातू तयार आहे, बाई! मुहूर्त बघतेस?"

आरसा धुकट झाला.

माझ्याबरोबर खाली उतरलेले काका वाकले, माझ्या हातातून आरसा घेतला आणि अंगरख्याच्या टोकाने पुसला. "तुझाच श्वास लागला असेल, पोरी. कोरडा आहे साचा."

पुसताना त्यांचा हात जराही अडखळला नाही.

"त्या दिवशीही असाच पुसलात?"

काका आरशाकडेच बघत राहिले. "दादाला ताप होता. म्हणाला, आज तू बघ. मी बघितला. मला वाटलं, माझाच श्वास."

"आणि वर्षभर लोकांनी त्यांना बोल लावला तेव्हा?"

"जीभच उचलली नाही गं."

मळी काढायची लोखंडी सळई शेजारी होती. मी ती उचलून त्यांच्या खांद्यावर हाणली. हाड ओल्या फांदीसारखं मोडलं. काकांनी हात आडवा केला नाही. मी पुन्हा सळई उगारली, या वेळी डोक्याच्या रोखाने. आणि मला सळईवरची माझी बोटं दिसली. आठ दिवस मी मेणात हीच बोटं घडवत होते. बाबांची ती आवळली गेली होती हेच डोकं वाचवायला.

मी सळई टाकली.

"थांबवा!" मी वर ओरडले. "साचा ओला आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," काका म्हणाले. लोंबणारा हात त्यांनी पोटाशी धरला होता. "मागच्या वेळी आरसा मीच बघितला होता. दादाने नाही. बोलव सगळ्यांना. बोंब मार, तुझं कामच आहे ते."

बोंबल्या धावला. माणसं जमली. काका खालूनच बोलले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणीतरी कोळशाचा खडा भिरकावला. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. ते त्यांनी पुसलं नाही.

साचा आणखी दोन दिवस भाजला. तिसऱ्या दिवशी आरसा स्वच्छ राहिला. तो मी बोंबल्याला दाखवला, मग एकेकाला.

दांडी मी धरली. मळी सारायला खड्ड्यात कुणीतरी उतरायला हवं होतं. काका खांदा बांधून, एका हातात सळई घेऊन, कुणी न सांगता उतरले आणि मुशीखाली उभे राहिले.

"ओत," ते म्हणाले.