मागे गुलाबी फूल असलेलं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं लाल हेल्मेट आहे. माझ्या काचेवर चरे पडलेत, आतला स्पंज दबलाय आणि हनुवटीखालचा पट्टा दाभणाने शिवलेला आहे. तरी मला म्हातारं म्हणायची घाई करू नका. माझे कितीतरी जातभाई जन्मभर आरशाला लटकून हिंडतात आणि पोलीस दिसला की तेवढ्यापुरते डोक्यावर चढतात. मी मात्र खरंखुरं डोकं सांभाळलं आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून पोत्यात कोंबून, ट्रकमध्ये उलटंपालटं होत मी हातखंब्याला उतरलो. तिठ्याजवळ बांबूला दोरी बांधून आम्हा भावंडांना टांगून ठेवलं होतं. एके दिवशी ऋत्विक नावाचा तरुण आला. त्याला पार्सलं पोचवायची नोकरी लागली होती. त्याने मला डोक्यावर घातलं, मान हलवून पाहिली आणि म्हणाला, "हेच द्या." त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढे आम्ही मांडवीपासून लांज्यापर्यंत सगळे रस्ते पालथे घातले. ऊन, पाऊस, खड्डे, अंगावर येणारी वासरं, सगळं पाहिलं. एका पावसाळ्यात गाडी बिघडली तेव्हा मी पडवीत पडून राहिलो आणि एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. तो अपमान मी गिळला. पिल्लं निघाली तेव्हा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

माझ्यावर खरी माया ईशाची. ईशा म्हणजे ऋत्विकची भाची. तिचे बाबा बोटीवर कामाला, म्हणून ती आणि तिची आई अवनी आमच्याकडेच राहतात. मामाची गाडी अंगणात आली की ईशा धावत यायची, मला डोक्यावर घालायची आणि भिंतीवर आपटत घरभर फिरायची. एकदा तिने आईच्या नेलपॉलिशने माझ्या पाठीवर गुलाबी फूल काढलं. ऋत्विक ते फूल घेऊन सगळ्या गावभर हिंडला. हसणाऱ्यांना म्हणायचा, "आमच्या ईशान् काढलाय." त्या फुलावरून सगळी वाडी मला ओळखू लागली.

मग ऋत्विक कंपनीच्या कामासाठी काही दिवस मुंबईला गेला आणि परत आला तो वेगळाच. रात्रंदिवस मोबाइलमध्ये काहीतरी वाचायचा. घसा खवखवला तरी घाबरायचा. अंगावर डास चावल्याचा फोड दिसला, तरी गाडी थांबवून तो बघत बसायचा. घरात त्याने स्वतःचा पेला वेगळा केला. शिमग्यात पालखीला खांदा दिला नाही, म्हणाला खांदा दुखतोय. घरच्यांना वाटलं, पोराला कशाचा तरी राग आलाय.

आणि एका संध्याकाळी ईशाने मला डोक्यावर घातलं, तर त्याने मला हिसकावून घेतलं. "हात लावायचा नाय याला. घाम लागेल," असं तो ओरडला. ईशा रडली नाही. ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. त्यानंतर गाडी अंगणात आली की ती तशीच लांब उभी राहायची. मित्रांनो, मी कडक कवचाचा आहे, पण ते मला सोसलं नाही.

शेवटी एका सकाळी ऋत्विक रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात गेला. रक्त तपासतात त्या खोलीबाहेर बाकावर बसला आणि मला काढलंच नाही. काचही खाली ओढली. आपल्याला कुणी ओळखू नये, असा त्याचा बेत. आता भर रस्त्यात जिथे कुणी हेल्मेट घालत नाही, तिथे दवाखान्याच्या बाकावर घालून बसलेला माणूस किती उठून दिसतो, हे त्याला कोण सांगणार? येणारा-जाणारा प्रत्येक जण वळून बघत होता. माझ्या आत त्याचा श्वास कोंडल्यासारखा वाजत होता.

खोलीत मात्र त्याने मला काढून मांडीवर ठेवलं. समोर उल्का मॅडम होत्या. तिथे येणाऱ्यांशी बोलून त्यांना सगळं समजावणं हे त्यांचं काम. त्यांनी आवाज न चढवता विचारलं आणि त्याने खाली मान घालून सांगितलं. मुंबईत एका बाईशी ओळख झाली होती. दोघांच्या मर्जीने संबंध आला होता, एकदाच.

"कंडोम वापरला होता?"

"हो."

"फाटला वगैरे नव्हता?"

"नाही. पण मॅडम, तरी..."

त्याने मुंबईत एकदा, चिपळूणला एकदा अशा तपासण्या आधीच केल्या होत्या. दोन्हीकडे काही निघालं नव्हतं. तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. मॅडमनी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत मी त्याच्या घामेजल्या बोटांत गच्च धरलेलो होतो.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "लागण रक्तात दिसायची मुदतही आता उलटून गेलीय, त्यामुळे पुन्हा तपासायची गरज नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घालून आलात. वाटेत पडलात का?"

"नाही."

"मग डोक्याचा एक्स-रे काढलात का?"

तो कसनुसा हसला. मला ते बोलणं मनापासून आवडलं. पण बाहेर येईपर्यंत त्याचा हात पुन्हा मोबाइलकडे गेलाच. रिपोर्ट खिशात होता आणि भीती जिथल्या तिथे. त्याने मला परत डोक्यावर चढवलं.

"अरे, हा ईशाचा फूल ना? ऋत्विक, तू रे इकडं?"

आमच्या वाडीतली सोनूबाई होती. आमच्या समोरच्याच घरात राहणारी. काच वर करून ऋत्विक काहीतरी पुटपुटला. सोनूबाईने त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला आवारातल्या झाडाखाली नेलं.

"रिपोर्टात काय आला?"

"काय नाय आला."

"मग तोंड असा का तुझा?" ती हातातली पिशवी सावरत म्हणाली. "माझा आलावता. आमचा मानूस मुंबयला होता, त्याच्याकडनं लागला. तो गेला. मी गोळी खातंय रोज, दर महिन्याला इथनं नेतंय. बरीच वर्सं झाली. माझा काय अडलाय? घरी बोलू नको हां. मी पण तुझा बोलायची नाय."

ऋत्विक तिच्या हातांकडे बघत राहिला. त्या हातांचे घावणे तो लहानपणापासून खात आलाय. ईशा तर तिच्या ताटात जेवते, तिच्या पेल्यातलं पाणी पिते. खरंच, त्यातल्या कशानेही एचआयव्ही कुणाला लागत नाही. घामानेही नाही. ऋत्विकने हे मोबाइलवर शंभर वेळा वाचलं होतं. त्या झाडाखाली मात्र तो एकदम खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सोनूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग तो उठला. "आज्ये, येस्टीची वाट कशाला बघतंस? चल गाडीवरनं," म्हणाला, आणि मला तिच्या डोक्यावर घालून पट्टा नीट लावला. सोनूबाई आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट घालत होती. हातखंब्यापर्यंत ती मला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

वाडीत उतरल्यावर तिने मला काढून ऋत्विककडे दिलं. मी तिच्या घामाने ओलसर झालो होतो. अंगणात ईशा उभी होती, हात पाठीमागे घेऊन, लांब. ऋत्विकने माझ्या आत पाहिलं. क्षणभर त्याची बोटं घट्ट झाली आणि मला वाटलं, आता हा मला उंच खुंटीवर टांगणार. पण तो चालत तिच्याजवळ गेला आणि त्याने मला तिच्या डोक्यावर ठेवलं. पुसलंही नाही.

"मामा, घाम लागेल ना?" ईशाने आतून विचारलं.

"लागू दे."

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा आधी काळजी घ्या. मी त्यासाठीच आहे आणि माझ्यासारखी इतर साधनंही त्यासाठीच आहेत. तरी शंका आली तर लाजू नका, जाऊन विचारा, तपासून घ्या. आणि उत्तर मिळालं की त्याच्यावर विश्वास ठेवा. नाहीतर आजार नसतानाही घरातलं एखादं लहान माणूस तुमच्यापासून लांब उभं राहतं.

आता ऋत्विकने स्वतःसाठी नवं हेल्मेट घेतलंय. दर महिन्याला तो सोनूबाईला दवाखान्यात नेतो, तेव्हा तिच्या डोक्यावर मी असतो. परत आलो की ईशाचा होतो. एवढं मात्र लक्षात ठेवा, सोनूबाईने घरी बोलू नको म्हटलंय आणि डोक्यातलं बाहेर न पडू देणं हेही माझंच काम. म्हणून यातली सगळी नावं मी बदलली आहेत. आमची वाडी शोधत येऊ नका. ते फूलसुद्धा गुलाबी नाही.