जिभेखालचा ठिपका

संग्रहालयाच्या भिंतीवर, काचेमागे तिने कागदावर काढलेला सिंह टांगला होता आणि खालच्या पाटीवर नाव दादाचं होतं. धाकटी पासष्टीला आली तरी घरात धाकटीच होती. तिने पाटी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. नाव काही बदललं नाही.

त्यांच्या कोरीवकामाच्या कारखान्यात कागद उरायचाच नाही. पेन्सिलीचं चित्र सरसाने लाकडावर चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं. काम पुरं होईपर्यंत चित्राचा भुगा. दादाची सगळी चित्रं अशी केरात गेली. हे एक वाचलं, कारण ते लाकडावर चढलंच नाही. विशीतल्या धाकटीने कपाटाच्या माथ्यासाठी हे सिंहाचं तोंड काढलं, तेव्हा दादाने पाहिलं न पाहिलंसं केलं.

"जीभ कशाला एवढी लोंबतेय? तू आपलं पॉलिशचं बघ."

मग चाळीस वर्षं तिने पॉलिशचंच बघितलं. कारखाना विकताना फळीमागे कागद सापडला, आणि दादाने 'माझंच आहे' म्हणून तो संग्रहालयाला देऊन टाकला.

"दादा, त्यांना खरं सांग ना," ती हळूच म्हणाली. "एवढं एकच चित्र माझं."

"घराचंच नाव झालं ना गं? तुझं-माझं कसलं करतेस या वयात?"

तुझं-माझं न करणाऱ्याचं एकट्याचं नाव पाटीवर होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई वही घेऊन आल्या. "काका, ही जीभ अशी खाली का वळवलीत?"

"शोभेसाठी," दादा म्हणाला.

"आणि जिभेखाली हा बारीक ठिपका?"

दादा ठिपक्याकडे बघत राहिला. मग धाकटीकडे वळला. कामातलं काही तो तिला आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होता. "सांग की गं. तुला आठवत असेल."

ठिपका सिंह कपाटाला ठोकायच्या खिळ्याचा होता. तिथे खिळा ठोकला की जिभेआड झाकला जातो, कपाटासमोर कुणीही उभं राहो, दिसत नाही. दादाच्या प्रत्येक सिंहाच्या कपाळावर खिळ्याचं डोकं दिसायचं. हे सगळं तिने तेव्हाच त्याला समजावून सांगितलं होतं. आत्ताही जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर चित्र कुणाचं ते बाईंना कळलं असतं, किंवा दादाचीच हुशारी म्हणून वहीत गेलं असतं. दादा आशेने बघत होता. हुशारी त्याचीच ठरणार, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "मी पॉलिशचं बघायचे."

बाईंनी वहीत लिहिलं, 'शोभेसाठी'.