शिंपडायची बाटली

शिंप्याच्या दुकानात कापड बेतणारा कटर शाळेच्या मागच्या जिन्यापाशी घुटमळत होता. खांद्यावरची कापडी पिशवी त्याने उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतली, रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हा परत आला. पाय वर जाईनात आणि घराकडेही वळेनात.

सकाळी बायको म्हणाली होती, "तुमच्या शपथा म्हणजे तेरड्याचा रंग. आज त्या दारू सोडायच्या मीटिंगला बसून या. नाही बसलात, तर मुलीला घेऊन मी दादाकडे निघाले." ती ओरडली असती तर त्याने नेहमीप्रमाणे कानाआड केलं असतं. पण ती मुलीच्या फ्रॉकच्या घड्या घालत, अगदी हळू आवाजात बोलली होती.

म्हणून दुपारी इस्त्रीच्या खोलीत दडून त्याने फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने नावसुद्धा विचारलं नाही. "शाळेचं मागचं दार, पहिला मजला, डावीकडची खोली. चहा असतो," एवढंच सांगितलं.

अखेर तो वर गेला. डावीकडच्या खोलीतून हास्याचा गडगडाट ऐकू येत होता. उजवीकडे मात्र माणसं सांत्वनाला आल्यासारखी खाली मान घालून बसली होती. ज्यांची दारू सुटायची आहे ती माणसं हसतील कशाला? त्या माणसाची डावी-उजवी चुकली असेल, असं ठरवून तो उजवीकडे शिरला.

"या भाऊ," पिकल्या केसांच्या एका बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. निवृत्त नर्स असाव्यात. सगळे त्यांना सिस्टर म्हणत होते. "तुमच्या घरी कोण पितं?"

खोली चुकली हे त्याला तत्क्षणी कळलं. ही तर पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक होती. उठायला हवं होतं; पण किती दिवसांनी कोणी त्याच्याकडे इतक्या मायेने पाहत होतं!

"धाकटा भाऊ," तो म्हणाला. त्याला भाऊ नव्हताच.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक तरुण बाई बोलू लागली. "नवऱ्याची किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली की माझा जीव भांड्यात पडतो. खरवडायला लागली, की मी मुलाला म्हणते, डोळे मीट."

कटरला आपल्या दारावरचे ओरखडे आठवले. कुलूपच खराब आहे, असं तो आजवर सांगत आला होता. त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"परवा तांदळाच्या डब्यात बाटली सापडली," ती पुढे म्हणाली. "गच्च भरलेली. दिली बेसिनमध्ये ओतून."

"भरलेली ओतली?" कटरच्या तोंडून निसटलं. "अहो, असं कोण करतं!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तिथल्या प्रत्येकाने ते केलेलं होतं.

सिस्टरनी शांतपणे विचारलं, "तुमच्या भावाची बाटली सापडते का कधी?"

"सापडेल कशी? इस्त्री करताना कापडावर पाणी शिंपडायची बाटली असते ना, तीत भरतो. उघड्यावर, मालकाच्या डोळ्यांदेखत!" त्याच्या आवाजात कारागिराचा अभिमान उतरला होता.

"मग तुम्हाला कशी सापडली?"

चोराच्या मनात चांदणं. त्याची नजर पिशवीकडे गेली, आणि तिच्यामागोमाग सिस्टरचीही.

त्या त्याच्याबरोबर बाहेर आल्या. "तुमची खोली समोरची."

"तिथं तर खिदळतायत."

"मलाही पहिल्यांदा रागच आला होता. रडायचं आम्ही आणि हसायचं यांनी!"

त्याने पिशवी पुढे केली. "तुम्हीच ओता, सिस्टर. तुम्हाला सवय आहे."

"नवऱ्याच्या खूप ओतल्या. तो नव्या आणत राहिला. ही तुमची तुम्ही ओता." त्या आत गेल्या आणि दार लागलं.

व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं. त्याने पिशवीतून बाटली घेऊन तिचं भोकांचं झाकण फिरवून काढलं. आधी एक घोट घ्यावा आणि मग ओतावी, असा बेत त्याच्या मनाने झटपट शिवूनही टाकला. दादाकडे निघालेली बायको डोळ्यांपुढे आली. तरी बाटली ओठांच्याच दिशेने वर जाऊ लागली.

डावीकडचं दार उघडलं. एक टकला माणूस किटली घेऊन आला. "सरका जरा, पाणी भरायचंय." त्याने बाटली निरखली. "इस्त्रीची?"

कटरने मान हलवली.

"डोकं आहे तुम्हाला. मी टॅक्सी चालवायचो. काच धुवायच्या टाकीत भरून ठेवायचो. एकदा बायकोनं बटण दाबलं, आख्खी काच झिंगली की हो!"

कटरला हसू फुटलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ओतताय ना? आत चहावाचून लोक खोळंबलेत."

त्याने बाटली उपडी केली. वास वर आला, सगळा जीव त्या धारेमागे वाहून गेला. टॅक्सीवाल्याने नळ सोडला आणि किटली त्याच्या हातात दिली. ती नळावर खडखडू लागली.

"अर्धीच भरा. इथं सगळ्यांच्याच हातून सांडतं."

"दाराजवळची खुर्ची मिळेल?"

"नव्या माणसाला तीच देतो. पळावंसं वाटतं ना."

"आणि पळालो तर?"

"पळा की. किटली तेवढी ठेवून पळा."