घरच्या टेबलावरची मोजपट्टी

माझ्या बायकोची, हिची, विद्यार्थिनी दुपारी आली तेव्हा मी भांडी घासत होतो. हिला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. हिची थोरली बहीण, म्हणजे ताई, माझ्याकडे राहायला आली होती आणि मला पातेलं धड घासता येत नाही म्हणून मागे उभी राहून सूचना करत होती.

त्या मुलीला ही शेपटी म्हणायची. प्रयोगशाळेत ती कायम हिच्या मागे मागे असायची म्हणून.

"काका, मॅडमच्या शेवटच्या लेखात चूक सापडलीय," शेपटी म्हणाली. पाणीही न पिता तिनं लॅपटॉप उघडला.

ही गोगलगायींवर संशोधन करायची. मी आयुष्यभर बस चालवली. गोगलगायींसाठी कुणी पगार देतं हे मला लग्नानंतर कळलं. शेवटच्या लेखात हिनं दाखवलं होतं की रस्त्याकडेच्या गोगलगायींचं कवच बागेतल्यांपेक्षा पातळ असतं. तो लेख छापून आला तेव्हा ही अंथरुणावर होती. मी तो हिला उशाशी धरून दाखवला होता.

शेपटीनं समजावलं. कवचाच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ असते. ती मोजपट्टी. तिच्यावरून जाडी काढतात. रस्त्याकडेच्या गोगलगायींचे फोटो विभागातल्या सूक्ष्मदर्शकावर काढले होते, बागेतल्यांचे घरच्या जुन्यावर. पण मोजपट्टी सगळीकडे विभागातलीच पडली. त्यामुळे बागेतली कवचं होती त्यापेक्षा जाड दिसली.

"म्हणजे सगळंच खोटं?" ताईनं विचारलं.

"नाही. मोठ्या गोगलगायींत फरक राहतो, पण कमी. पिल्लांत राहतच नाही. मासिकात दुरुस्ती छापावी लागेल. मॅडम नाहीत, म्हणून घरच्यांची संमती मागितलीय."

चूक कशी झाली हेही त्यात लिहावं लागतं. तिनं लिहून आणलेलं वाचून दाखवलं. मोजपट्टी तिच्या हातून चुकली, असं त्यात होतं.

"तुझ्या हातून कशी?" मी म्हणालो. "तो सूक्ष्मदर्शक मीच घरी आणला. हिला जिना उतरवत नव्हता. पाठीला उशी लावून ही इथंच टेबलाशी बसायची. तू नुसत्या कवचं लावलेल्या काचा आणून द्यायचीस."

शेपटी खाली बघत म्हणाली, "असू दे ना काका. मॅडमना आता उत्तर देता येत नाही."

"ती स्वतःच म्हणतेय, मग तुमच्या का पोटात दुखतंय, भाऊजी?" ताई म्हणाली. "मेलेल्या माणसाचं नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

मलाही तेच हवं होतं. हिच्या नावाला कुणी बोट लावू नये, एवढंच मागणं उरलं होतं माझं. 'बरं' असं ओठांवर आलंही होतं.

"तुझी नोकरीची मुलाखत आहे ना?" मी विचारलं.

"आहे. विचारतील याबद्दल."

"मग?"

"घाई झाली, म्हणेन." तिनं हसायचा प्रयत्न केला. "फळ्यावर नाव लिहायची सवय आहे आम्हाला."

ताईला फळ्याचं माहीत नव्हतं. हिच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. काच फुटली की जिच्या हातून फुटली तिनं फळ्यावर आपलं नाव लिहायचं. शिक्षा काही नाही, पण दुसऱ्याच्या हातून फुटलेल्या काचेसाठी आपलं नाव लिहायचं नाही. एकीनं मैत्रिणीसाठी तसं केलं तर ही दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती.

"आणि सगळ्यात जास्त वेळा नाव कुणाचं असायचं?" मी विचारलं.

"मॅडमचंच," शेपटी म्हणाली. "किती धांदरट होत्या!" आणि रडायला लागली.

ताईनं तिला पाणी दिलं.

"हिचं नाव लिही," मी म्हणालो.

"फळा पुसता येतो, भाऊजी. हे छापलेलं पुसणार आहे का?"

"नाही पुसणार. पण ताई, शेपटी मुलाखतीत जाऊन खोटं बोलेल आणि ते हिच्यासाठी. हिला चाललं असतं का? तुम्हीच सांगा."

ताईनं नाकाला पदर लावून नाही अशी मान हलवली.

शेपटीनं नव्यानं लिहिलं. मी म्हणालो, आजारी होती म्हणून, असंही घाल. ती म्हणाली, तसं ते घेत नाहीत. चूक कशी झाली तेवढंच. मला ते लागलं, पण मी वाद घातला नाही. तिनं वाचून दाखवलं: पहिल्या लेखिकेनं घरच्या सूक्ष्मदर्शकावर काढलेल्या फोटोंवर विभागातल्या सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी टाकली. पहिली लेखिका म्हणजे ही.

"घरच्या, असं राहील?" मी विचारलं.

"राहील. ते तर सांगावंच लागेल."

मी संमती दिली. तिनं पाठवून टाकलं.

ताई मघापासून टेबलाकडे बघत होती. "भाऊजी, म्हणजे त्या गोगलगायी ह्याच टेबलावर होत्या?"

"ह्याच."

"आणि मी रोज इथं जेवते!"

शेपटी डोळे पुसता पुसता हसायला लागली. मग आम्ही तिघं तिथंच जेवलो. ताई जरा कडेला बसली.