मंगरूचा चुकलेला अंदाज

सानगडीच्या तलावावर मासळी काट्यावर चढण्याआधी प्रत्येकाने टोपली उचलायची आणि वजन सांगायचं, ही आमची रीत. ज्याचा अंदाज जवळ, त्याला मोठ्या रोहूचं मुंडकं. माझे सासरे मंगरू अर्ध्या किलोनेही चुकत नाहीत, त्यामुळे वर्षभर मुंडकी आमच्याच घरी.

सासूला, म्हणजे शकुनला, अंडाशयाचा कॅन्सर निघाला तो तिसऱ्या स्टेजला. बारावी झालेली म्हणून रिपोर्ट वाचायचं काम माझं. तलावावर उभ्याने मी कॅन्सर किती ते दाखवणारा रक्तातला आकडा वाचला, सीए एकशेपंचवीस नावाच्या तपासणीचा: अठराशे चाळीस. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिकराव सवयीने म्हणाले, "वा, भरला."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत त्यांना झापलं, की हा आकडा खाली यायला पाहिजे, पस्तीसच्या आत. बिचाऱ्यांनी जीभ चावली. पण त्या दिवसापासून अख्खा तलाव सासूच्या आकड्याचे अंदाज बांधू लागला. पहिल्या केमोनंतर सातशे वीस, दुसऱ्यानंतर एकशे नव्वद. रिपोर्टच्या दिवशी आमच्या अंगणात बाजार भरायचा आणि सासू टकलाला दुपट्टा गुंडाळून खुर्चीत मध्यभागी बसायची. मला हा तमाशा वाटायचा. पण एरवी दोन घास न जाणारी बाई त्या दिवशी हसत हसत वाटीभर भात खायची, म्हणून मी गप्प बसले.

अंदाज सांगत नव्हते ते एकटे सासरे.

तिसऱ्या केमोनंतर नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडा भराभर उतरला म्हणजे औषध लागू पडतंय, पुढची आशाही वाढते. आता पस्तीसच्या आत आला तर ऑपरेशन करून टाकू. अडकला तर नव्याने विचार करावा लागेल."

रिपोर्ट सकाळी फोनवर येणार होता. अंगण भरलं. पुंडलिकरावांनी पन्नास सांगितले, शेजारच्या कुंताबाईने थेट दहा. सासू नवऱ्याकडे वळली.

"आज तुमी सांगा."

"मले त्यातलं काय समजते?"

"टोपली न उचलता कसं समजन? उचला मले."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण लोकांसमोर यांनी कधी एकमेकांचा हातही धरला नव्हता. सासऱ्यांनी लुंगीला हात पुसले आणि खरंच तिला दोन्ही हातांवर उचललं. सासू पाय झाडत शिव्या देऊ लागली, चप्पल उडून पुंडलिकरावांच्या मांडीवर पडली, बायका पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. मीही पोट धरून हसले.

सासऱ्यांनी तिला खाली ठेवलं, "साठ" म्हणाले आणि घरामागे निघून गेले.

हसू जागच्या जागी थांबलं. त्यांचा अंदाज चुकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. सासूचं तोंड एवढंसं झालं. मला तर त्यांच्या मागे धावून भांडावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. मी रिपोर्ट उघडला. दोनदा वाचून मग सांगितलं, "एकोणतीस."

पुढे कोणी कोणाचं ऐकलं नाही. कुंताबाई नाचली, पुंडलिकराव नाचले, हातात अजून ती चप्पल. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "चांगलं लक्षण आहे, हमी नव्हे. ऑपरेशनची तारीख देते. तोवर त्यांचं वजन वाढवा."

सासूला घेऊन मी घरामागे गेले. सासरे पालथ्या डोंग्यावर, आपल्या मासेमारीच्या होडीवर, पाठमोरे बसले होते.

"एकोनतीस आला," सासू म्हणाली. "तुमी चुकले. काहून?"

त्यांनी डोळे पुसले. "अंदाज काढलाच नाही, शकुन. तुले उचललं अन् हाताले काही लागलंच नाही. एवढी हलकी झाली तू. भेव वाटलं, जे तोंडात आलं ते बोललो."

सासू त्यांच्याजवळ टेकली. थोडा वेळ रडली, मग तिला पुन्हा हसू फुटलं.

"मंग आता रोज उचला. वजन वाढून राहिलं का नाही, ते तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर चहा ठेवला होता. सासऱ्यांनी तिला अंगणात उचललं, मान तिरपी करून अंदाज घेतला, म्हणाले, "पावभर वाढली." आणि तिला खाली ठेवायला वाकले.

तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "थांबा ना. एवढ्यात कायले ठेवून राहिले?"